मातुश्रीसाहेबांचे आजीपण



ज्या वृद्ध माउलीच्या स्मरणार्थ तिच्या नातवंडांनी ही व्याख्यानमाला चालविली आहे, तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार तिच्या मांडीवर वाढलेल्यांचा आहे, आणि तो त्यांनी प्रास्ताविकात उत्तम रीतीने बजावला आहे. मला निमंत्रण देताना त्यांनी विषयाची निवड माझ्यावर सोपविली. मात्र विषयात कोठेतरी आजी असावी, अशी इच्छा भीतभीत व्यक्त केली. इतिहासाच्या जुन्या कागदांत आयुष्य घालविलेल्या माणसाने आजी शोधावी तरी कोठे? दफ्तरांत वतनदार भेटतात, हवालदार भेटतात, देणेकरी आणि घेणेकरी तर पदोपदी भेटतात; परंतु नातवाला जवळ घेऊन बसलेली वृद्धा दफ्तरांत सहसा भेटत नाही. तरीही विचार करता करता मला एक आजी सापडली, आणि ती अशी की जिच्या नावाचा उच्चार महाराष्ट्रात घरोघर होत असता तिच्या आजीपणाकडे मात्र आपले लक्ष फारसे गेलेले नाही. मातुश्री जिजाबाईसाहेबांविषयी मी आज बोलणार आहे.

जिजाबाई म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शिवनेरीवरची तरुण माता येते. रामायण-महाभारताच्या कथा सांगणारी, उजाड पुण्यात सोन्याचा नांगर फिरविणारी. शाळेच्या पुस्तकांनी, शाहिरांनी आणि चित्रकारांनी हीच मूर्ती इतकी दृढ केली आहे की पुत्राने स्वराज्य उभारावयास घेतल्यावर मातेचे कार्य आटोपले आणि त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे ती केवळ नमस्कार घेण्यापुरती उरली, असा काहीसा समज आपल्या मनाच्या तळाशी बसलेला असतो. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. परंपरेने दिलेले 1598 हे त्यांचे जन्मवर्ष धरले, तर वयाची साठी उलटल्यावर त्यांच्या पदरी एक आईवेगळे मूल आले, आणि पुढची जवळजवळ पंधरा वर्षे, म्हणजे 1659 पासून 1674 पर्यंत, स्वराज्यावर जी जी संकटे कोसळली ती सर्व त्यांनी त्या मुलाला सांभाळीत सोसली. या पंधरा वर्षांविषयी बखरकार मितभाषी आहेत. त्यामुळे आज मला पुष्कळ ठिकाणी तिथी आणि वार यांवरूनच अनुमान करावे लागणार आहे. जेथे अनुमान आहे तेथे मी तसे सांगेन.

प्रारंभ नावापासून करू. शिवाजीमहाराज आणि सईबाई यांना पुत्र झाला तो पुरंदर किल्ल्यावर, 14 मे 1657 रोजी. आणि त्याचे नाव ठेविले संभाजी. हे नाव त्या घरात नवे नव्हते. जिजाबाईंच्या थोरल्या मुलाचे नाव संभाजीच होते, आणि तो कर्नाटकात कनकगिरीच्या वेढ्यात या बाळाच्या जन्मापूर्वी दोन-तीन वर्षे मारला गेला होता. गेलेल्या वडीलधाऱ्या माणसाचे नाव नातवाला ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे, आणि त्या नावाचा अधिक्षेप होऊ नये म्हणून मुलाला रागवताना घरची माणसे त्याला भलत्याच लाडक्या नावाने हाक मारतात, हेही आपण पाहिले आहे. रणात पडलेल्या पुत्राचे नाव दिवसातून दहा वेळा घ्यावयाचे आणि त्या हाकेला दुडदुडत उत्तर द्यावयाचे नातवाने, या गोष्टीत सांत्वन किती आणि शल्य किती, हे ज्या घरात असे घडले आहे त्या घरातील माणसेच जाणोत. जिजाबाईंच्या आयुष्यात अशा शल्यांचा तोटा नव्हता. 1629 साली निजामशाहाच्या दरबारात त्यांचे वडील लखुजी जाधवराव आणि त्यांच्याबरोबर त्यांचे मुलगे दगा होऊन कापले गेले, त्या वेळी त्या शिवाजीमहाराजांच्या वेळच्या गर्भारपणात होत्या, किंवा होण्याच्या बेतात होत्या. माहेर असे एका दिवसात उद्ध्वस्त झालेली ही स्त्री होती.

संभाजीराजे सव्वादोन वर्षांचे झाले असतील-नसतील तोच 5 सप्टेंबर 1659 रोजी राजगडी सईबाईंचे देहावसान झाले. ही तारीख ध्यानात ठेवावी, कारण तिच्यानंतर दोन महिने आणि पाच दिवसांनी, 10 नोव्हेंबरला, प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाची भेट व्हावयाची होती. खान त्या वेळी वाईस येऊन बसला होता. आणि कनकगिरीस थोरले संभाजीराजे पडले ते याच अफजलखानाच्या कपटामुळे, अशी मराठ्यांची दृढ समजूत होती. आता त्या दोन महिन्यांतील राजगड डोळ्यांसमोर आणा. सून नुकतीच गेलेली. ज्याच्यामुळे एक पुत्र गमावला असे मानले जात होते तो माणूस दुसऱ्या पुत्राच्या भेटीस निघालेला. आणि गेलेल्या पुत्राचे नाव धारण करणारे आईवेगळे पोर पदराला धरून उभे. प्रतापगडच्या प्रसंगावर आपल्याकडे पोवाडे झाले, नाटके झाली, वाघनखांच्या लांबीरुंदीवर वादविवाद झाले. त्यांत या मुलाला त्या रात्री कोणी निजविले, हा प्रश्न मात्र कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

मुलाला दूध पाजण्यासाठी कापूरहोळच्या गाडे घराण्यातील धाराऊ होती. तिचे नाव इतिहासाने राखले, ही मोठी संतोषाची गोष्ट आहे. परंतु धाराऊने दूध पाजावे आणि मातुश्रींनी घडण करावी, अशी ही वाटणी आपण वाटतो तितकी सरळ नसावी. कारण मातुश्रींना त्या दिवसांत स्वस्थ बसू देणारा एकही महिना मिळाला नाही. 1660 च्या मार्चमध्ये महाराज पन्हाळ्यावर अडकले. सिद्दी जौहरचा वेढा चार महिने चालला, तशातच शायिस्तेखान पुण्यात येऊन ठाण मांडून बसला. ‘शिवभारत’कार परमानंदाने या वेळचा एक प्रसंग वर्णिला आहे. पुत्राची सुटका कोणी करीत नाही असे पाहून मातुश्री स्वतः शस्त्र घेऊन निघावयास सिद्ध झाल्या, आणि सेनापती नेताजी पालकराने त्यांना आवरून ती जोखीम आपल्या शिरावर घेतली. कवीच्या अतिशयोक्तीचा भाग वजा केला, तरी बासष्टीच्या घरातली बाई घोड्यावर बसावयास निघाली होती आणि घरात तीन वर्षांचा नातू होता, एवढे सत्य उरतेच.

आपल्याकडे नातवाला दुधावरची साय म्हणतात. आजी-आजोबांना मुलापेक्षा नातू अधिक गोड, कारण त्याच्यावर माया करावी, जबाबदारी मात्र त्याच्या आईबापांनी वाहावी, असा त्या म्हणण्याचा एक अर्थ केला जातो. जिजाबाईंच्या वाट्याला हे सुखाचे आजीपण आले नाही. त्यांना सायीबरोबर दूधही राखावे लागले, आणि चूलही.

येथे थोडे विषयांतर करून त्यांच्या नातीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तीत या स्त्रीचा पीळ दिसतो. सईबाई या फलटणच्या निंबाळकरांच्या कन्या. त्यांचे बंधू बजाजी नाईक निंबाळकर यांना विजापूरच्या दरबारात धर्मांतर करावे लागले होते. त्यांना पुन्हा स्वधर्मात घेतले ते मातुश्रींच्या पुढाकाराने, असे परंपरा सांगते. शुद्धी करून घेणे ही एक गोष्ट झाली. शास्त्रीपंडितांना दक्षिणा देऊन ती उरकता येते. पण शुद्ध झालेल्या माणसाच्या घरी सोयरीक कोण करणार, हा खरा प्रश्न असतो, आणि आपला समाज त्याच प्रश्नाशी आजवर अडखळत आला आहे. बजाजींचे पुत्र महादजी यांना सईबाईंचीच मुलगी सखुबाई दिली गेली. म्हणजे भोसल्यांच्या घरची नात त्या घरात नांदावयास गेली, आणि मग कोणाची बोलण्याची छाती राहिली नाही. मोठमोठ्या परिषदांतून ठराव करणाऱ्यांना जे साधत नाही ते एका आजीने नातीचा विवाह ठरवून साधले, असे म्हटले तर अध्यक्षमहाराज मला क्षमा करतील, कारण तेही अशा अनेक परिषदांचे अध्यक्ष होते.

1664 च्या जानेवारीत शहाजीराजे कर्नाटकात होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून निवर्तले. वार्ता राजगडास आली तेव्हा मातुश्रींनी सहगमनाचा निश्चय केला, आणि महाराजांनी त्यांच्या मांडीवर बसून, गळ्याला मिठी घालून, माझा पराक्रम पाहावयास आता दुसरे कोण आहे अशी काकुळती करून त्यांना परावृत्त केले, हा प्रसंग सभासदाने मोठ्या जिव्हाळ्याने लिहिला आहे. बखरीत जिजाबाई राहतात त्या पुत्रासाठी. मी बखरकाराचे म्हणणे खोडून काढीत नाही. परंतु चौतीस वर्षांचा, सुरत नुकतीच लुटून आलेला पुत्र आईला जितका अडवू शकतो, त्याहून साडेसहा वर्षांचा आईवेगळा नातू अधिक अडवितो, असे माझे स्वतःचे अनुमान आहे. पुत्राने शब्दांनी अडविले. नातवाला शब्दांची गरज नव्हती.

यानंतर पुढच्याच वर्षी जे घडले ते मला या सबंध चरित्रातील अत्यंत कठोर प्रकरण वाटते. मिर्झा राजा जयसिंग आणि दिलेरखान पुरंदरावर चालून आले, मुरारबाजी पडला, आणि जून 1665 मध्ये महाराजांनी तह केला. तेवीस किल्ले मोगलांच्या हवाली करावयाचे, बारा आपल्याकडे राहावयाचे. महाराजांना स्वतः मोगली चाकरी माफ, परंतु पाच हजारांची मनसब संभाजीराजांच्या नावे. आठ वर्षांचा मुलगा पंचहजारी मनसबदार झाला, हे वाक्य ऐकावयास मोठे भव्य आहे. त्याचा व्यवहारातला अर्थ असा होता की किल्ले ताब्यात येईपर्यंत तो मुलगा जयसिंगाच्या छावणीत ओलीस म्हणून राहावयाचा होता, आणि त्याप्रमाणे तो राहिला. ती छावणी कोठे होती? पुरंदराखाली. ज्या गडावर त्याचा जन्म झाला, जेथे त्याचे बारसे झाले असेल, त्याच गडाच्या पायथ्याशी, तो गड शत्रूच्या स्वाधीन होताना, तो शत्रूच्या तंबूत बसला होता. तहाची कलमे आपण इतिहासात पाठ करतो. त्यांतले हे कलम आजीच्या कुशीतून उठवून न्यावे लागले.

एक वर्षही लोटले नाही तोच आग्र्याचा प्रवास आला. 5 मार्च 1666 रोजी महाराज राजगडाहून निघाले ते संभाजीराजांना बरोबर घेऊनच. पाठीमागे राज्याचा कारभार मातुश्रींच्या आज्ञेत ठेवून मोरोपंत पेशवे, निळोपंत मुजुमदार आदी मंडळींना त्यांच्या तैनातीस दिले. राजगडावर या अडुसष्ट वर्षांच्या बाईसमोर वतनाचे तंटे येत, गडकऱ्यांच्या अर्जदास्ती येत, रसदेचे हिशेब येत. आणि ज्याच्या नावाने हा सगळा व्यवहार चालावयाचा तो पुत्र आणि त्याचा वारस असलेला नातू हे दोघेही बादशहाच्या दाराशी. बारा मे रोजी आग्र्याच्या दरबारातला तो प्रख्यात खटका उडाला. संभाजीराजांना नववे वर्ष पुरे व्हावयास त्या दिवशी दोन दिवस उणे होते. म्हणजे वाढदिवस उजाडला तो पहाऱ्यात.

जयपूर दरबाराच्या दफ्तरातून परकालदास नावाच्या लेखकाची त्या वेळची राजस्थानी पत्रे आता उजेडात आली आहेत. आग्र्यात जे प्रत्यक्ष पाहिले-ऐकिले ते तो आपल्या धन्याच्या दिवाणाला कळवीत असे. शिवाजीचे रूप, त्याचा बाणेदारपणा, बरोबरचा लवाजमा यांचे वर्णन त्याने केले आहे, आणि त्यात ओघाओघाने त्याचा मुलगा नऊ वर्षांचा असून गोरा आणि अत्यंत देखणा असल्याचे नमूद केले आहे. परक्या मुलखातल्या परक्या कारकुनाला, राजकारणाच्या धामधुमीत, या मुलाचे रूप लिहावेसे वाटले. आजीने सात वर्षे ज्याला न्हाऊमाखू घातले तो मुलगा कसा दिसत होता याची ही एक विश्वसनीय नोंद; तीही राजगडच्या नव्हे, जयपूरच्या दफ्तरात सापडावी!

17 ऑगस्टला महाराज आग्र्याहून निसटले. लहान मुलाला घेऊन दौड करणे धोक्याचे, म्हणून संभाजीराजांना मथुरेस मोरोपंतांच्या सोयऱ्यांकडे, कृष्णाजी त्रिमल आणि त्याचे बंधू यांच्या घरी ठेविले, आणि शत्रूचा पाठलाग थांबावा यासाठी मुलगा वाटेत वारला अशी आवई उठविली. महाराज गोसाव्याच्या वेशात राजगडी येऊन मातुश्रींच्या पाया पडले आणि त्यांनी प्रथम ओळखलेच नाही, ही कथा सर्वांना ठाऊक आहे आणि ती सांगताना कथेकऱ्यांचा कंठ दाटतो. परंतु महाराज आले त्या दिवशी नातू आलेला नव्हता. तो मागाहून आला. या मधल्या काळाविषयी कथेकरी काही सांगत नाहीत. आवई खरी वाटावी यासाठी गडावर शोकाचे काही उपचार झाले असतील, तर ते आजीसमोर झाले असणार. राज्याचे गुपित ठेवण्याचा ज्यांचा जन्मभराचा सराव त्या मातुश्रींना खरे सांगितले असणार, याविषयी मला शंका नाही. पण खरे ठाऊक असतानाही ज्याच्या नावाने सुतक धरावयाचे त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसणे, आणि दारात आलेल्या बायकांनी गळा काढला असता आपणही डोळ्यांना पदर लावणे, यासाठी जी छाती लागते ती गड घेणाऱ्याच्या छातीहून कमी नव्हे. मुलाला सुखरूप आणून पोचविणाऱ्या त्या बंधूंना पुढे ‘विश्वासराव’ हा किताब मिळाला. किताबाचा शब्द कोणी सुचविला हे कागद सांगत नाहीत. मला विचाराल तर तो आजीचा आहे.

1670 च्या फेब्रुवारीत महाराजांच्या राणी सोयराबाईंना राजाराम झाला. घरात दुसरा नातू आला आणि त्याबरोबर, उघड बोलले जात नसले तरी, दुसरा पक्षही आला. मातुश्री हयात असेतोवर या पक्षाला तोंड फुटले नाही. 6 जून 1674 रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याने सिंहासनाच्या खालच्या पायरीवर युवराज संभाजी, मोरोपंत पेशवे आणि एक थोर ब्राह्मण बसलेले पाहिले, आणि तसे लिहून ठेविले. सतरा वर्षांचा नातू युवराजाच्या जागी बसलेला आजीने पाहिला. अकराव्या दिवशी, 17 जूनला, रायगडाखाली पाचाडास तिने देह ठेविला.

पाचाडचा वाडा महाराजांनी खास मातुश्रींसाठी बांधिला, कारण गडावरची थंड वाऱ्याची हवा त्यांना मानवेना. आज तेथे तटाच्या भिंती आणि जोती उरली आहेत. वाड्याच्या आवारात एक विहीर आहे, तिला तक्क्याची विहीर म्हणतात. काठावर दगडाचीच बैठक घडविली असून पाठीशी टेकण्यासाठी दगडाचाच तक्क्या आहे. पाणी भरावयास आलेल्या बायाबापड्यांशी येथे बसून बोलणे होई, असे गावचे लोक सांगतात. मी तेथे बसून पाहिले. तक्क्या दगडाचा असला तरी पाठीला बरोबर बसतो. घडविणाऱ्याने वृद्ध माणसाच्या कमरेचा विचार केला होता.

मातुश्रींच्या मृत्यूनंतर तीनच महिन्यांनी, 24 सप्टेंबर 1674 रोजी, निश्चलपुरी गोसावी याने महाराजांचा दुसरा, तांत्रिक पद्धतीचा अभिषेक केला. गागाभट्टाच्या विधीत उणिवा राहिल्या म्हणून अशुभे घडली, असे त्याचे म्हणणे. आणि त्या अशुभांच्या यादीत त्याने मातुश्रींचे निधन घातले आहे. गोसाव्याचे गणित मला पटत नाही, परंतु घरातला काही खांब निखळला हे त्याला कळले होते. पुढचा इतिहास आपण जाणता. दोन वर्षांत कर्नाटकच्या स्वारीवर निघताना महाराजांनी युवराजाला शृंगारपुरास ठेविले. डिसेंबर 1678 मध्ये तोच युवराज दिलेरखानाला जाऊन मिळाला. हा दिलेरखान म्हणजे पुरंदराला वेढा घालणाराच. एका वर्षाने संभाजीराजे परतले, आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, 3 एप्रिल 1680 रोजी, महाराज गेले.

आजी असती तर हे घडले नसते, असे विधान करण्याचा मोह येथे अनिवार होतो. मी तो टाळतो. नाटककार गडकऱ्यांनी ‘राजसंन्यास’ अपुरे सोडले, पण त्या नाटकाने आणि त्याच्या आधीच्या बखरींनी संभाजीराजांना जो रंग फासला तो धुऊन काढण्यासाठी वा. सी. बेंद्रे यांच्यासारख्या संशोधकाला आयुष्य खर्ची घालावे लागले; अशा वेळी नातवाच्या गुणांचे श्रेय आजीला आणि दोषांचे खापर आजीच्या मृत्यूवर, असा सोयीचा निवाडा देणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभत नाही. शिवाय एक गोष्ट विसरता कामा नये. ज्या सभासद बखरीवरून आपण मातुश्रींची पुष्कळशी ओळख करून घेतो ती जिंजीस, राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून लिहिली गेली. हा तो धाकटा नातू; आजी गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. आजीचे जे चरित्र आपल्यापर्यंत आले ते अशा नातवाच्या पदरी लिहिले गेले, ज्याला तिचा चेहरासुद्धा नीट आठवत नसावा. आणि ज्याला सर्व काही आठवत होते तो थोरला नातू त्यापूर्वीच औरंगजेबाच्या छावणीत हालहाल होऊन मेला होता. संभाजीराजांनी संस्कृतात ‘बुधभूषण’ रचिला, तो राजनीतीवर. आजीवर त्यांनी काही लिहावे असा त्या काळचा रिवाजच नव्हता.

मग जिजाबाईंच्या शिकवणुकीचा पुरावा शोधावा तरी कोठे? माझी सूचना अशी की तो नातवात शोधण्यापेक्षा नातसुनेत शोधावा. पिलाजीराव शिर्क्यांची कन्या येसूबाई लहान वयात भोसल्यांच्या घरात आली. सासू सईबाई तिने पाहिलीच नाही, तिला लाभली ती आजेसासू. घरातले वागणे-बोलणे, कोणापुढे केव्हा गप्प राहावे आणि केव्हा राहू नये, हे ज्या वयात मुलगी शिकते त्या वयात तिच्या डोळ्यांसमोर राजगडचा कारभार चालविणारी मातुश्री होती. 1689 च्या आरंभी नवरा शत्रूच्या हाती सापडून मारला गेला, पदरात सात वर्षांचा शाहू, रायगडाला झुल्फिकारखानाचा वेढा. अशा वेळी या बाईने आपल्या मुलाचा हक्क पुढे न रेटता दिराला मंचकी बसविले, राजारामाला गडाबाहेर काढून जिंजीच्या वाटेस लावून दिले, आणि स्वतः मुलासह मागे राहून नोव्हेंबरात रायगड शत्रूच्या हवाली करण्याची वेळ आली तेव्हा ती मोगलांच्या कैदेत गेली. मूल ओलीस जाते आणि राज्य उरते, हा जमाखर्च तिच्या आजेसासूने 1665 साली मांडून दाखविला होता. येसूबाईने तो एकोणतीस वर्षे स्वतःच्या अंगावर वागविला आणि 1719 साली ती सुटून साताऱ्यास परत आली. मुलाच्या आधी राज्य, आणि तरीही मुलाला क्षणभर मनाआड होऊ न देणे, या दोन परस्परविरुद्ध गोष्टी एकाच स्त्रीने एकाच वेळी साधल्याची दोन उदाहरणे एका घराण्यात, एकाच्या मागून एक घडावीत, हा मला योगायोग वाटत नाही. येसूबाईंचे चरित्र या अंगाने लिहिले जावे, आणि ते काम या सभेतील एखाद्या अभ्यासू भगिनीने हाती घ्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.